साठ, पण कुठले?

भालेराव भावजींना जाऊन आता दीड वर्ष होईल, आणि अजून त्यांची आठवण आली की मला आधी राग येतो. रडू कधी येतं, कधी येत नाही. राग मात्र न चुकता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मला कुणी लिहायला शिकवलेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं दुकानांच्या पाट्या आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून मीच माझं जमवलं. तेव्हा जसं तोंडात येतं तसं कागदावर. हस्ताक्षर मात्र चांगलं आहे हो माझं, आणि या सगळ्या भानगडीत मी सापडले ती त्या हस्ताक्षरापायीच.

निगडीला प्राधिकरणात आमचं घर तळमजल्यावर, त्यांचं वर. आमचे हे आणि भावजी चाकणच्या एकाच कंपनीत. सकाळची बस एकच, परतीची एकच. आमचे वेल्डिंगला होते, भावजी गेजरूममध्ये. गेजरूम म्हणजे काय, हे मला त्यांनी जिन्यात उभं राहून अर्धा तास सांगितलं होतं. कारखान्यात माल मोजायची जी हत्यारं असतात, ती हत्यारं स्वतः बरोबर आहेत की नाहीत हे मोजायची खोली. "वहिनी, माप चुकलं तर माल परत करता येतो. मोजणारंच चुकलं तर काय करायचं?" माझ्या हातात दळणाचा डबा होता. मी म्हटलं, "भावजी, गिरणी बंद होईल." तर म्हणाले, "बघा, तुमच्याकडंही घड्याळ आहे. ते कुणाशी लावलंय?"

असा माणूस. कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला: कुणाच्या तुलनेत?

समोरच्या देशमुखबाईंचा नातू ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिला आला. बाई बिचाऱ्या पेढे घेऊन घरोघरी हिंडल्या. वर गेल्या, मीही मागोमाग गेले. भावजींनी पेढा घेतला, अरे वा म्हणाले. तिथं थांबायचं की नाही? तर, "पहिला म्हणजे कितीजणांत? आणि ती बाकीची पोरं मुळात कशी होती? म्हणजे हाच पेपर दुसऱ्या कॉलेजात दिला असता तर कितवा आला असता?"

रत्ना, म्हणजे त्यांची बायको, तिनं मागून त्यांचा सदरा ओढला. देशमुखबाईंचा चेहरा असा झाला की काय सांगू. त्या म्हणाल्या, "भालेराव, पेढा ठेवा खाली."

आणि यांनी खरंच ठेवला हो! डब्यात, नीट, होता त्याच जागी. वर म्हणतात, "मी नातवाला हलकं म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतो." देशमुखबाई नंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भावजींना त्याचं कारणच कळलं नाही.

कंपनीतही तेच. कंपनीचा आणखी एक कारखाना परराज्यात होता. दोन्हींत ज्याचा माल कमी बाद होईल त्याला ढाल मिळायची. एका वर्षी ती आपल्या चाकणला मिळाली. सभा भरली, मोठे साहेब आले, टाळ्या चालू होत्या आणि भावजी उभे राहिले. म्हणाले, "तिथली हत्यारं आणि आपली हत्यारं एकमेकांशी लावूनच बघितलेली नाहीत. तेव्हा आपण जिंकलो की हरलो, हे आज सांगता येणार नाही." आमचे हे सांगायचे की टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले, खाली कुठं ठेवावेत कळेना. पुढच्या बढतीला भावजींच्या हाताखालचा माणूस त्यांच्यावर गेला. घरी येऊन भावजी म्हणतात, "रत्ना, त्याचं बरोबरच आहे, माणूस हुशार आहे." रत्नानं त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नाही. तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता हा स्वभाव आला कुठून? तर घोड्यांकडून.

भावजींचे वडील पुण्याच्या रेसकोर्सच्या तबेल्यात मोतद्दार होते. मोतद्दार म्हणजे घोड्याचं सगळं करणारा माणूस: चारा, मालिश, अंघोळ, फिरवणं, दुखलं-खुपलं. भावजी आणि त्यांचा धाकटा भाऊ विलास त्या तबेल्यांच्या मागच्या खोल्यांतच वाढले. भावजी शिकले, कंपनीत लागले. विलास बापाच्या जागी मोतद्दार झाला. पण भावजींचं चित्त तिथंच राहिलेलं. पुण्याचा मोसम सुरू झाला की शर्यतीच्या दिवशी डबा घेऊन निगडीच्या स्टँडवरून बस धरायची आणि दिवसभर कठड्याला टेकून उभं राहायचं. जन्मात एक रुपया लावला नाही. गल्लीत मात्र सगळे समजायचे की भालेरावांना नाद आहे. रत्नाला बायका विचारायच्या, "घर चालतं ना गं तुमचं?" ती म्हणायची, "नाद परवडला असता माय. नादवाला घरी येऊन हरलो तरी म्हणतो. हे आले की दोन तास समजावून सांगायलेत."

समजावण्यासारखं काय होतं, तर मला कळलं ते असं. शर्यतीच्या प्रत्येक घोड्याला गुण असतात. जास्त गुण म्हणजे घोडा तगडा, मग त्याच्या पाठीवर वजनही जास्त. जीनखाली शिशाच्या पट्ट्या घालून ते भरतात, म्हणजे तगडा आणि साधा दोघांनाही बरोबरीनं संधी. इथपर्यंत ठीक. पण घोडे पळतात कुठं कुठं? मुंबई-पुणे, बंगळूर, म्हैसूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता. त्या त्या ठिकाणचे घोडे आपापसांत पळतात, आणि तिथल्या तिथं गुण मिळतात. आता एका ठिकाणी साठ गुण मिळवलेला घोडा दुसऱ्या ठिकाणी गेला, तर ते साठच धरायचे का?

"साठ, पण कुठले?" हे भावजींचं जन्माचं दुखणं. "तिथले साठ आणि इथले साठ, कुणी एकमेकांशी लावून बघितलेत? पोटतिडकीनं सांगतो वहिनी, कुणी नाही."

मग बघायचं कसं? तर जे घोडे एका ठिकाणाहून दुसरीकडं गेले, ते तिथं कसे पळाले, कुणाला हरवलं, कुणाकडून हरले, याची नोंद. बावीस वर्षांची नोंद होती त्यांच्याकडं. बावीस! तेवढ्यात लोक घरं बांधतात.

एकदा कठड्याशी शेजारच्या माणसानं विचारलं, "काका, तिसऱ्या शर्यतीला कोण येईल हो?" आता अशा माणसाला एक नाव सांगावं आणि मोकळं व्हावं. भावजी सुरू झाले. "चार नंबरची घोडी हैदराबादहून आलीय. तिथं तिनं ज्याला हरवलं तो पुढं बंगळूरला गेला आणि सातवा आला. म्हणून ती वाईट असं नाही, कारण ज्यांच्या मागं तो सातवा आला त्यातले दोघं..." गर्दी ओरडायला लागली, तिसरी शर्यत सुटली, संपली. तो माणूस म्हणाला, "काका, तुमच्यापायी माझी पैसे लावायची खिडकी बंद झाली राव. निदान कोण आलं ते तरी सांगा." भावजींनी बघितलंच नव्हतं. ते त्याच्याकडं बघून बोलत होते ना.

हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले. ठमी आल्यावर मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही.

ठमी म्हणजे विलासची घोडी. म्हणजे मालक कुणी दुसराच, शर्यतीच्या पुस्तकात तिचं इंग्रजी नाव भलंमोठं, पण विलास तिला ठमी म्हणायचा आणि ती त्याच नावाला कान टवकारायची. तपकिरी, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. दक्षिणेतल्या एका लहान केंद्रात लागोपाठ तीन शर्यती जिंकून ती पुण्याला आली होती. इथल्या मालकानं हौसेनं घेतली. तीन विजयांचे गुण अंगावर घेऊन आली, आणि त्या गुणांपायी पहिल्याच शर्यतीत पाठीवर हे एवढं वजन. नववी आली. पुढच्या वेळी आठवी. हरलं की गुण उतरतात, पण दोन-दोन, तीन-तीन असे. तोवर मालकाचा धीर संपतो. धीर संपलेल्या मालकाची घोडी कुठं जाते हे विलासला चांगलं माहीत होतं. कधी रायडिंग शिकवणाऱ्याकडं, कधी वरातीवाल्याकडं, आणि कधी कुठं गेली ते कळतही नाही.

विलास एका रविवारी आला आणि भावजींसमोर बसला. मी ताक घेऊन वर गेले होते. तो म्हणाला, "दादा, आजवर तुमच्या वहीची मी टिंगल केली. आता मला ती वही पाहिजे. आमचा ट्रेनर अर्ज करतोय की घोडीचे गुण पुन्हा बघा म्हणून. त्याला पुरावा लागतोय. तिथले साठ म्हणजे इथले किती, ते लिहून द्या."

भावजींच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलंय. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून तो प्रश्न विचारला होता.

महिनाभर ते कोष्टक चाललं. त्या लहान केंद्रातून पुण्याला आलेले एकोणीस घोडे त्यांच्या नोंदीत होते. त्यातले बहुतेक इथं येऊन मागं पडलेले. सगळी आकडेमोड करून भावजींनी काढलं की तिथले गुण इथं आठानं जास्त पडतात. आठ गुण म्हणजे पाठीवरचे चार किलो. चार किलो तुम्हाला-मला पिशवीत जड वाटतात, पळणाऱ्या जनावराला किती वाटत असतील! मग अर्जासोबतचं पत्र आणि कोष्टक मी लिहून काढलं. भावजींचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी म्हटलं, "मराठीत चालेल का? गुण ठरवणाऱ्या साहेबांना मराठी येत नसलं तर?"

"आकडे तर येतात ना?"

पाच पानं झाली. खाली त्यांनी सही केली. विलासनं ट्रेनरकडं दिली, ट्रेनरनं रेसकोर्सच्या ऑफिसात. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. शुक्रवारी अकरा वाजता या, कोष्टक करणाऱ्यालाही आणा. विलासनं फोनवरूनच दादांना जय भीम घातला. आमच्या जिन्यात दिवाळी झाली. देशमुखबाईसुद्धा विचारून गेल्या.

आणि बुधवारी संध्याकाळी सगळ्यावर पाणी पडलं.

मी आणि रत्ना वरच्या गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. भावजी साहेबांपुढं काय बोलायचं त्याची आमच्यापुढं तालीम करत होते. म्हणाले, "तिथून एकोणीस आले, त्यातले चौदा इथं कमी पडले. म्हणजे तिथली ताकद इथल्यापेक्षा कमी. सरळ आहे."

रत्ना लातूरकडची. तिनं मान वर केली नाही, शेंगाच सोलत म्हणाली, "कामून आले?"

"कोण?"

"ते एकोणीस. गाव सोडून इकडं कामून आले?"

"अगं, मालकानं विकले, कुणाचा पाय दुखत होता, कुणाचं तिथं जमेना..."

"मग जे तिथं चांगले पळायलेत, त्यांना कोण हलवलं?"

"त्यांना कोण कशाला हलवेल?"

रत्नानं आता सूप खाली ठेवलं. म्हणाली, "आमच्या गावातून चाकणला कोण आलं? ज्याला रान न्हाई तो आला. ज्याचं भावाशी पटंना तो आला. बागाईतवाले कुणी आले का? न्हाई. कंपनीत कुणी आमच्याकडच्या लेकरांना मंद म्हणलं की तुमीच भांडत होता, चार आलेल्यांवरून गाव मोजू नका म्हणून. आन आता घोड्याचं गाव कशावरून मोजायलात?"

एवढंच. तिच्या दृष्टीनं ती नवऱ्याला टोमणा मारत होती. नेहमीसारखाच. मीसुद्धा हसले.

भावजी हसले नाहीत. खुर्चीत बसले. मग आत जाऊन वह्या काढल्या आणि त्या एकोणीस घोड्यांपैकी एकेक का आला असेल ते शोधायला लागले. बारा तर तिथं हरायला लागले म्हणूनच विकलेले. जे जायबंदी, जे उतरणीला लागलेले, तेच घोडे इथं आले आणि इथंही हरले. त्यावरून यांनी मागं राहिलेल्या सगळ्यांना हलकं ठरवलं. जन्मभर दुसऱ्याची मापं तपासणाऱ्या माणसानं स्वतःचं मापच तपासलं नव्हतं.

"रत्ना," ते म्हणाले, "चुकलं."

मी म्हटलं, "भावजी, चुकलं तर चुकलं. शुक्रवार होऊ द्या. घोडीचं काम होऊ द्या. मग शनिवारी दुरुस्त करा."

माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की जसं मी त्यांना दुधात पाणी घालायला सांगितलंय.

"पण मग आठाचे किती होतात?" मी विचारलं.

"माहीत नाही. पाच असतील. शून्य असतील. ठमी तर जिंकून आलीय, तिच्याबद्दल या एकोणिसांना काहीच सांगता येत नाही."

शुक्रवारी आम्ही सगळे गेलो. मी अक्षरवाली म्हणून, रत्ना हट्टानं. ट्रेनर, विलास, भावजी. साहेब वयानं माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, पण बोलायला गोड. मराठी उत्तम. त्यांनी ती पाच पानं खरोखर वाचलेली होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणाले, "काका, इतक्या वर्षांची नोंद एका माणसानं ठेवलेली मी पहिल्यांदाच बघतोय. आठ मला थोडे जास्त वाटतात. पण या घोडीपुरते सहा कमी करून बघायला माझी हरकत नाही."

सहा! विलासनं डोळे मिटून घेतले. ट्रेनरनं मान डोलावली. मी मनात म्हटलं, आता गप्प बसा, देवा-धर्माचं काही मानत नाही तुम्ही, पण मी हात जोडते, गप्प बसा.

भावजी म्हणाले, "नका करू."

"काय?"

"कोष्टक चूक आहे साहेब. जे आले त्यांच्यावरून मी न आलेल्यांना मोजलं." आणि सगळं सांगितलं. एकोणीस, बारा, लंगडे, विकलेले. रत्नाचं नाव घेऊन सांगितलं की हिनं दाखवून दिलं. रत्नाला कुठं तोंड लपवावं कळेना.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग हसले. "काका, हे आम्हांलाही ठाऊक असतं. पुरतं खरं कुठलंच कोष्टक नसतं. शेवटी अंदाजच बांधायचा."

"मग तुम्ही तुमचा बांधा. माझ्या सहीखाली नको."

साहेबांनी पानं गोळा केली, नीट जुळवली आणि परत दिली. म्हणाले, "मग माझ्याकडं आधार राहत नाही. कोष्टकच अर्जाचा पुरावा होता." त्यांचंही खरं होतं हो. प्रत्येकाचं खरं होतं, हेच तर!

बाहेर पिंपळाखाली विलास थांबला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दादा, तुमचा खरेपणा तुमच्या पाठीवर नाही पडत. तिच्या पाठीवर पडतो." आणि तबेल्याकडं निघून गेला.

परतीच्या बसमध्ये मी भावजींना नको नको ते बोलले. "तो माणूस स्वतःहून देत होता. तुम्ही खोटं बोलायचंही नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं."

"वहिनी, उद्या इथून तिथं जाणाऱ्या दुसऱ्या घोडीला माझंच कोष्टक उलटं लावून कुणी वजन चढवलं तर?"

"त्या दुसऱ्या घोडीला तुम्ही ओळखता का?"

"नाही," म्हणाले, आणि खिडकीकडं बघत बसले. रत्ना तर त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसली होती.

ठमीची शेवटची शर्यत मी बघितली. मुद्दाम गेले. रंगीत टोपीचा तो जॉकी, खाली तपकिरी ठमी आणि जीनखाली ते शिसं. वळणापर्यंत ती तिसरी होती. मी ओरडले, मला माझाच आवाज ओळखू येईना. मग सरळ धावेत एकेक घोडा तिला ओलांडून गेला, आणि ती पाचवी आली. पहिल्या चारांच्या फार मागं नाही. चार किलो कमी असते तर? तीन असते तर? हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि याच गोष्टीचा मला अजून संताप येतो. विलास तिला धरून आमच्या समोरून गेला. भावाकडं बघितलं नाही.

मालकानं तिला काढून टाकली. नशीब एवढंच की ज्या गावाहून आली होती तिथल्याच एका ट्रेनरनं तिला परत मागून घेतली. ट्रकनं जायची होती, सोबत विलास. मधले पंधरा दिवस ती तळेगावकडच्या एका फार्मवर विश्रांतीला होती. दीड महिन्यात विलासनं दादांशी एक अक्षर काढलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन रत्नाला आला. "वहिनी, उद्या सकाळी आठच्या सुमाराला गाडी बायपासनं जाईल. ताथवड्याला थांबवतो दोन मिनिटं. दादांना बघायची असली तर."

ताथवड्याच्या त्या सकाळनंतर मी भावजींना बघितलं नाही. कुठं गेले ते पुढं सांगतेच, पण आठ-दहा दिवसांनी परत आले, तेव्हा मी तळेगावला लेकीकडं बाळंतपणाला गेलेली. मी यायच्या आतच एका पहाटे झोपेत गेले. रत्ना सांगते, नव्या वहीची चार पानं भरली होती, आणि तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही." बास. बावीस वर्षं आणि चार पानं. मला राग येऊ नये तर काय यावं? म्हणून माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते ताथवड्याचे भावजी.

बायपासच्या कडेला आम्ही तिघं उभे. भावजींच्या खांद्याला एक बॅग. मला वाटलं, विलाससाठी काही खायचं असेल. ट्रक थांबला. मागची फळी विलासनं अर्धी खाली केली. आत गवताचे भारे, मध्ये आडव्या बांबूंमध्ये ठमी. डोकं वळवून तिनं आमच्याकडं बघितलं.

"बघितली ना?" विलास म्हणाला. "निघतो."

"मीपण येतो," भावजी म्हणाले.

"कुठं?"

"तिथं. जे घोडे कधी हललेच नाहीत, ते बघायचेत."

"दादा, वेड लागलंय का? वीस तास लागतील. शेण, मुताचा वास, बसायला हे गवत. तुमचा गुडघा बघा."

"ठमीला वीस तास लागणार नाहीत का?"

विलासनं त्यांच्याकडं बघितलं. दीड महिन्यात पहिल्यांदा नीट बघितलं असेल. मग वाकला आणि दोन्ही हात पुढं केले. भावजींचा पाय काही वर जाईना. ड्रायव्हर खाली उतरून आला, त्यानं मागून रेटा दिला, वरून विलासनं ओढलं, आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस पोतं चढवावं तसा वर गेला. ठमीनं दचकून पाय आपटले, मग मान लांब करून त्यांच्या डोक्याचा वास घेतला.

आता रत्ना पुढं झाली. "मला सांगायचं तरी! गोळ्या घेतल्या का? स्वेटर?"

"घेतलंय सगळं. सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"न्हाई!"

"म्हणूनच."

मी ओरडले, "भावजी, तिथं जाऊन नुसतं बघा हं! कुणाला काही समजावू नका!" त्यांनी कानामागं हात धरला. बायपासवर कंटेनरची ही रांग, काय ऐकू येणार! विलासनं त्यांना धरून आतल्या बाजूला, घोडीच्या मानेशी, गवताच्या भाऱ्यावर बसवलं आणि स्वतः फळीच्या बाजूला बसला. फळी वर झाली. नुसती तीन डोकी दिसत होती, मधलं ठमीचं.

ट्रक हलला. तेवढ्यात भावजी काहीतरी ओरडले, हातवारे करायला लागले. मी म्हटलं, "काय म्हणतात गं?"

रत्नानं आपल्या हाताकडं बघितलं. पाण्याची बाटली. त्यांनी चढताना तिच्या हातात दिलेली, तिथंच राहिली होती. ती चार पावलं पळाली, चप्पल निघाली, थांबली. आणि त्या सगळ्या कंटेनरांच्या वर आवाज चढवून, जन्माचा राग काढावा तशी ओरडली,

"ऱ्हाऊ द्या आता! ठमीच्या बादलीतलं प्या!"